अश्मयुगीन रस्सा

हल्ली आमच्या इंदापूर-बारामतीकडेही 'पॅलिओ' म्हणून अश्मयुगातला आहार येऊन पोचलाय. धान्य, डाळी, दूध बंद, मटण चालू! रश्श्याला त्याची अडचण नाही. मटण हळद-मिठात शिजवून आधी अळणी पाणी काढायचे. भाजलेला कांदा, सुके खोबरे, आले-लसणाचे वाटण तेल सुटेस्तोवर परतायचे. पिठाचा कण नाही. फक्त शेजारची बाजरीची भाकरी उचलली की ताट मुके होते.

मी पडलो बी. कॉम.; खाते जुने म्हटले की खतावणी उघडणारच. आपल्याच जिल्ह्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खोदकाम केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरे, चुली, शेळ्यामेंढ्यांची हाडे निघाली. सोबत जळके जव, गहू, मसूरही. म्हणजे तो गडीही नुसत्या हाडावर उठत नव्हता! त्याच्याही मागे, खऱ्या अश्मयुगात जावे, तर आपल्याकडे तेव्हा मातीचे मडकेच नव्हते. मग रस्सा शिजवता कशात?

आणि मिरची? ती अमेरिकेची, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. पुणे-सुप्याची जहागीर सांभाळणाऱ्या मालोजीराजांच्या पणजोबांनी ती पाहिलीही नसणार. त्यांचे तिखट म्हणजे मिरी. तेव्हा निदान मिरचीऐवजी मिरपूड घालू, असे मी घरात सुचवले. हिने तिखटाचा डबा पुढे ओढला आणि भाकरी तव्यावर टाकली.