पेसान्त्रेन : रमजानमधील नीतिशिक्षण

इंडोनेशियातील पारंपरिक निवासी इस्लामी विद्यालयांना पेसान्त्रेन, तेथील प्रमुख गुरूंना कियाई व विद्यार्थ्यांना सान्त्री म्हणतात. रमजानमध्ये नेहमीचा अभ्यासक्रम बाजूला ठेवून तेथे ग्रंथवाचनाचे खास वर्ग भरतात. त्यांत अखलाक (शील) आणि अदब (शिष्टाचार) यांना मोठे स्थान असते. जावा बेटावर या वर्गांना ‘ङाजी पासारान’ असे नाव आहे.

अध्यापन : एरवी अनेक महिने चालणारा ग्रंथ या काळात दोन-तीन आठवड्यांत संपवतात. कियाई अरबी मजकूर वाचून त्याचा अर्थ बहुधा जावानीज भाषेत सांगतात. सान्त्री तो ओळींखाली बारीक अक्षरांत टिपून घेतात. इतर पेसान्त्रेनमधील सान्त्रीही या वर्गांना येतात. अल्-जर्नूजी यांचा ‘तअलीम अल्-मुतअल्लिम’ आणि अल्-गझाली (1058–1111) यांचा ‘बिदायत अल्-हिदाया’ हे नीतिपर ग्रंथ विशेष प्रचलित आहेत. जोंबांगजवळील तेबुइरेंग पेसान्त्रेनचे संस्थापक हाशिम अशअरी (1871–1947) यांनीही गुरुशिष्यांच्या आचारधर्मावर ग्रंथ लिहिला.

आचरण : खोटे बोलणे व तसे वागणे सोडले नाही, तर नुसत्या उपाशी राहण्याला अर्थ नाही, ही हदीसमधील (पैगंबरवचनांतील) शिकवण या शिक्षणाचा पाया आहे. कोणी पाहत नसतानाही पाण्याचा घोट न घेणे हा प्रामाणिकपणाचा सराव ठरतो. सहरी (पहाटेचे जेवण), इफ्तार (सायंकाळी रोजा सोडणे) व तरावीह (रमजानमधील रात्रीची नमाज) एकत्र होत असल्याने संयम आणि सहकार्य दिवसभराच्या वागण्यातून अंगी बाणतात. ईदपूर्वी माणशी सुमारे 2.5 किग्रॅ. तांदूळ किंवा त्याचे मोल फितरा म्हणून गरजूंना दिले जाते.

शाळांतील रूप : मदरसे व सर्वसाधारण शाळांतही काही दिवसांचे ‘पेसान्त्रेन किलात’ शिबिर भरते. अनेक ठिकाणी मुले रमजानच्या वहीत रोजे, नमाज आणि कुराणपठण नोंदवतात व तरावीहनंतर इमामांची सही घेतात. 1999 मध्ये हाशिम अशअरी यांचे नातू, राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांच्या कारकिर्दीत शाळांना रमजानभर सुटी देण्यात आली होती.

मूल्यमापन : वहीतल्या सह्यांवरून हजेरी कळते, शील कळत नाही. पेसान्त्रेनमध्ये गुरू-शिष्य एकाच आवारात राहतात, त्यामुळे वाचलेली नीती गुरूंच्या वागण्यात रोज पाहता येते. अल्प मुदतीच्या शिबिरांत हा सहवास तुटपुंजा पडतो. म्हणून तेथे शिक्षक व पालक यांच्या आचरणावरची जबाबदारी अधिक वाढते.