चौधरी, अनुराधा
भारतीय वैद्यकीय कवकशास्त्रज्ञ. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापक. औषधांना दाद न देणाऱ्या बुरशी हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. जपानमध्ये रुग्णाच्या कानातून मिळालेल्या कॅन्डिडा ऑरिस या बुरशीचे वर्णन २००९ मध्ये झाले. दिल्लीतील रुग्णांच्या रक्तात ती शिरत असल्याचे चौधरी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले. रुग्णालयांतील नेहमीच्या तपासण्या तिला भलतीच जात ठरवत. फ्लुकोनॅझोल या बुरशीरोधी औषधाला ती बहुधा जुमानत नसल्याने ही चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. त्यांचे सर्वांत मोलाचे काम २०२१ चे: अंदमानच्या खाऱ्या दलदलीत आणि वाळूच्या किनाऱ्यावर हीच बुरशी सापडली. निसर्गातला हा तिचा पहिला ठाव. दलदलीतला एक वाण औषधांना बळी पडणारा होता आणि जास्त तापमानात हळू वाढत होता. किनाऱ्यावरचे मात्र बहुऔषधरोधी होते.