सरोवरकाठचे कॉन्स्टन्स : एका प्रवासाची पूर्वतयारी

जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाला, जिथे स्वित्झर्लंडची हद्द गावाच्या गल्लीबोळांना येऊन भिडते, तिथे कॉन्स्टन्स नावाचे एक जुने शहर आहे. जर्मन लोक त्याचा उच्चार कोन्स्टान्त्स असा करतात. ऱ्हाईन नदी आल्प्स पर्वतातून उतरून एका विशाल सरोवरात शिरते आणि या शहराच्या पायथ्याशी पुन्हा त्यातून बाहेर पडते. त्या सरोवराला बोडेनझे म्हणतात. सुमारे ५३६ चौरस किलोमीटरचे हे पाणी जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया अशा तीन देशांच्या काठांना लागते. या शहरी जाण्याचा आमचा बेत आहे, आणि त्या बेताच्या निमित्ताने आजचे चार शब्द आहेत.

आमच्यासारख्या माणसाला परदेशप्रवास वारंवार घडत नाही. वर्षानुवर्षे बाजूला टाकलेले पैसे त्यात एकदाच खर्चावयाचे असतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो : आपण तिथे नेमके काय पाहणार? प्रवासी कंपनीची पुस्तिका म्हणेल, निळे पाणी पाहा, बागा पाहा, बोटीत बसा. ते सारे पाहावेच. पण शहर म्हणजे केवळ देखावा नव्हे. त्या दगडांमध्ये कोणी काय सोसले, कोणी कोणाला शब्द दिला आणि तो कोणी मोडला, हे ठाऊक नसेल तर दगड मुके राहतात. म्हणून आम्ही आधी इतिहास वाचावयास घेतला.

प्रथम हे गाव मोठे कशाने झाले ते पाहू. इटलीतून आल्प्सच्या खिंडी ओलांडून येणारा माल सरोवराच्या काठी उतरे आणि तेथून उत्तरेकडे जाई. शिवाय आसपासच्या खेड्यांत जवसाच्या झाडाच्या धाग्यापासून लिनन विणले जाई. कॉन्स्टन्सचे कापड म्हणून ते दूर इटलीपर्यंत नावाजलेले होते. या व्यापारासाठी १३८८ साली शहराने सरोवराच्या काठावर एक प्रचंड वखार बांधावयास घेतली. ती आजही उभी आहे. दगडी पाया, वर जाड तुळयांचे मजले आणि उंच उतरते छप्पर असे तिचे रूप आहे. राजवाडा नव्हे, देऊळ नव्हे, मालाची वखार! आणि याच वखारीत १४१७ साली पोपची निवडणूक झाली. आल्प्सच्या उत्तरेस जर्मन भूमीवर अशी निवडणूक झाली ती ही एकच.

ही वखार बांधणाऱ्या गावात सारे गुण्यागोविंदाने नांदत होते असे मात्र नाही. गावाचा कारभार जुन्या श्रीमंत घराण्यांच्या हाती होता. विणकर, खाटीक, बेकरीवाले, चांभार यांच्या गिल्ड, म्हणजे आपल्याकडे ज्यांना पूर्वी श्रेणी म्हणत तशा संघटना, कर भरीत पण नगरसभेत त्यांना जागा नव्हती. १३४२ साली त्यांनी उठाव करून नगरसभेत आपला पाय रोवला. पुढेही हा झगडा पुन्हा पुन्हा पेटला. १४३० साली राजा सिगिसमुंड याने हस्तक्षेप करून घराणेदारांची बाजू पुन्हा सावरली. हा सिगिसमुंड आजच्या कथेतले मुख्य पात्र आहे, त्याचे नाव ध्यानात ठेवा.

आता धर्मसभेकडे वळू. पंधराव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती जगात एकाच वेळी तीन पोप होते. एक ग्रेगरी बारावा, दुसरा बेनेडिक्ट तेरावा, तिसरा जॉन तेविसावा. तिघेही स्वतःला खरे आणि इतर दोघांना खोटे म्हणत. कोणत्या राजाने कोणाला मानावे यावर तह होत आणि मोडत. हा घोळ मिटविण्यासाठी सिगिसमुंडच्या आग्रहाने कॉन्स्टन्स येथे सभा बोलाविण्यात आली. ५ नोव्हेंबर १४१४ रोजी ती सुरू झाली आणि २२ एप्रिल १४१८ पर्यंत चालली.

काही हजार वस्तीच्या त्या गावात साडेतीन वर्षे युरोपभरचे बिशप, सरदार, पंडित, सावकार, वाजंत्री आणि त्यांचे नोकरचाकर येत-जात राहिले. या सभेचा वृत्तान्त उलरिक रिखेंटाल नावाच्या तिथल्याच एका नागरिकाने लिहून ठेवला आहे. आम्हांला तो फार आवडतो. कारण पंडितांच्या वादाबरोबर त्याचे लक्ष पाव किती भावाने विकला, घोडे कुठे बांधले, मासे कुठून आले, याकडेही आहे. पाहुण्यांची लूट होऊ नये म्हणून खोल्यांचे आणि अन्नाचे दर ठरवून द्यावे लागले. इतिहासाच्या मोठ्या पुस्तकांत ठराव छापलेले असतात. ठराव करणाऱ्यांना रोज भाकरी कोणी भाजून घातली, ते अशा लेखकामुळे कळते.

याच सभेपुढे यान हुस नावाचा एक चेक धर्मोपदेशक बोलाविला गेला. १४०२ पासून तो प्रागच्या बेथलेहेम नावाच्या प्रार्थनामंदिरात लोकांच्या चेक भाषेत प्रवचने देत असे. १४०९ साली तो तिथल्या विद्यापीठाचा प्रमुख झाला. पैसे घेऊन पापमुक्तीची पत्रे विकण्यास १४१२ साली त्याने उघड विरोध केला. धर्माधिकाऱ्याचे वर्तनच भ्रष्ट असेल तर त्याचा अधिकार कसला, असे तो विचारी. सिगिसमुंडने त्याला अभयपत्र दिले. त्या भरवशावर ३ नोव्हेंबर १४१४ रोजी हुस कॉन्स्टन्सला पोचला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याला अटक झाली.

राजा तेव्हा गावात नव्हता. नाताळच्या आदल्या रात्री तो होडीतून आला. आपल्या पत्राचा अवमान झाला म्हणून तो रागावला, हे खरे. पण सभाच मोडेल अशी धमकी पुढे येताच त्याचा राग निवला. पाखंड्याला दिलेला शब्द पाळण्याचे बंधन नाही, असा युक्तिवादही तयार झाला. हुसला प्रथम सरोवरातल्या बेटावरच्या डोमिनिकन मठात आणि नंतर जवळच्या गोटलीबेन किल्ल्यात ठेवण्यात आले. दैवाचा खेळ पाहा. ज्या जॉन तेविसाव्याच्या अमदानीत हुसला पकडले, तो पोप मार्च १४१५ मध्ये वेषांतर करून गावातून पळाला, मे महिन्यात पदच्युत झाला आणि गोटलीबेनच्याच किल्ल्यात कैदी होऊन आला!

हुसला सुटका हवी असती तर मार्ग मोकळा होता. आपली मते चुकीची आहेत असे त्याने जाहीर करावयाचे होते. पण त्याच्या नावावर लावलेली कित्येक मते त्याने कधी मांडलीच नव्हती. जे आपण बोललोच नाही ते मागे कसे घ्यावे, हा त्याचा साधा सवाल होता. तसे केले तर ते खोटे बोलणे होईल, आणि ज्यांना आपण शिकविले त्यांची फसवणूक होईल, असे त्याचे म्हणणे होते.

श्रोतेहो, हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. कामगार चळवळीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हा प्रसंग परका नाही. टाळेबंदी उठते तेव्हा फाटकाशी टेबल मांडलेले असते आणि त्यावर छापील हमीपत्रांचा गठ्ठा असतो. आम्ही शिस्तभंग केला, पुन्हा करणार नाही, सही करा आणि कामावर चला. एका कारखान्याच्या फाटकाशी आम्ही हे पाहिले आहे. ज्याने काहीच केले नव्हते अशा माणसाच्या हातात लेखणी दिली की त्याची बोटे कशी थिजतात, तेही पाहिले आहे. घरी चूल पेटावयाची असते म्हणून कोणी सही करतो, त्याला आम्ही कधी दोष दिला नाही. पण तो कागद कशासाठी असतो ते आम्ही ओळखून आहोत. तो काम सुरू व्हावे म्हणून नसतो. माणूस मोडावा म्हणून असतो. हुसने सही केली नाही, एवढेच त्याचे चरित्र एका वाक्यात सांगता येईल.

६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्सच्या मोठ्या चर्चमध्ये त्याची धर्मवस्त्रे उतरविण्यात आली आणि गावाच्या वेशीबाहेर त्याला जिवंत जाळण्यात आले. मागे अवशेषही राहू नये म्हणून राख ऱ्हाईन नदीत टाकली. त्याचा सहकारी प्रागचा जेरोम याने एकदा मते मागे घेतली होती. पुढे त्याने ती माघारच मागे घेतली आणि ३० मे १४१६ रोजी तोही त्याच मरणाला सामोरा गेला.

न्यायाने सांगावयाचे तर सभेने हाती घेतलेले मुख्य काम पार पाडले. ११ नोव्हेंबर १४१७ रोजी त्या वखारीत ५३ मतदारांनी मार्टिन पाचवा याला पोप निवडले आणि तीन पोपांचा घोळ संपला. सर्वसाधारण सभा ही पोपहूनही श्रेष्ठ आहे, असा ठराव याच सभेने एप्रिल १४१५ मध्ये केला होता. संघटनेच्या माणसाला हा ठराव मोलाचा वाटल्यावाचून राहत नाही. पण जी सभा वरच्याला जाब विचारते तीच खालच्याला जाळते, हा विरोधही तिथेच आहे. हक्क आपल्यापुरता मागणे आणि हक्क सर्वांसाठी मानणे यांत किती अंतर असते, ते यावरून कळते.

मोडलेल्या शब्दाची किंमत राजालाही चुकवावी लागली. सप्टेंबर १४१५ मध्ये बोहेमिया आणि मोरावियाच्या ४५२ सरदारांनी आपापल्या मुद्रा लावून निषेधपत्र पाठविले. १४१९ साली सिगिसमुंडचा भाऊ, बोहेमियाचा राजा, वारला. वारसाहक्काने राज्य सिगिसमुंडचे, पण शब्द मोडणाऱ्याला चेक लोक राजा मानीनात. १४२० ते १४३१ या काळात पाच मोहिमा त्यांच्यावर चालून गेल्या आणि शेतकऱ्यांचा मोठा भरणा असलेल्या हुसपंथी फौजांनी त्या परतविल्या. अखेर १४३६ साली, तडजोड झाल्यावर, त्याला ते राज्य मिळाले. आणि पुढच्याच वर्षी तो मरण पावला. रोमकडून हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त व्हावयास १९९९ साल उजाडावे लागले. पोप जॉन पॉल दुसरा यांनी तो व्यक्त केला.

पुढे शहराचे वैभव ओसरले. १५४८ साली त्याचे स्वातंत्र्य जाऊन ते ऑस्ट्रियाच्या अमलाखाली गेले. १७८५ साली जिनीव्हातून आलेल्या निर्वासितांनी त्याच बेटावरच्या मठात कापडछपाईचा कारखाना काढला. तिथे छापल्या जाणाऱ्या सुती कापडाला फ्रेंच भाषेत ‘अँदिएन’ म्हणत, म्हणजे हिंदुस्थानी! आपल्याकडच्या छिटांची युरोपने नक्कल केली, तिचे नावही आपल्याच देशावरून पडले, आणि हुस जिथे कैदेत होता त्या भिंतींआड ती छपाई झाली. आज त्या मठात हॉटेल आहे.

शहरातली आणखी एक जागा आम्ही पाहणार आहोत, आणि ती विसाव्या शतकातली आहे. गेओर्ग एल्झर हा सुतार १९२५ ते १९३२ या काळात कॉन्स्टन्सला राहून घड्याळांच्या कारखान्यात काम करीत होता. लाकूडकामगारांच्या युनियनचा तो सभासद होता. २ मे १९३३ रोजी नाझींनी युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन संघटना मोडल्या. पुढे चौकशीत एल्झरने सांगितले की १९२९ साली सुताराला तासाला एक मार्क मिळत असे, आता ६८ फेनिग मिळतात. कामगाराचे स्वातंत्र्य गेले आहे आणि युद्ध येऊ घातले आहे, हे त्याने ओळखले होते. म्युनिकच्या एका सभागृहात रात्री-रात्री लपून त्याने खांब पोखरला आणि त्यात घड्याळाचा बॉम्ब बसविला. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी तो फुटला. हिटलर १३ मिनिटे आधी निघून गेला होता. आठ माणसे मेली, त्यांत एक वाढपी बाईही होती. हे ओझे त्या कृत्याच्या पारड्यात घालावेच लागते, ते लपवून चालणार नाही. स्फोटापूर्वीच त्या रात्री कॉन्स्टन्सच्या हद्दीवरून स्वित्झर्लंडमध्ये जाताना एल्झर पकडला गेला. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपावयास महिना उरला असता, दाखाउच्या छळछावणीत त्याला ठार मारले.

आता बेत सांगतो. विमानाने झुरिकला उतरावे. तेथून आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास कॉन्स्टन्स लागते. दोन्ही देश शेंगेन करारात असल्याने एकच व्हिसा पुरतो. पहिल्या दिवशी वखार आणि तिच्यासमोरचे बंदर पाहावे. तिथे १९९३ पासून ‘इंपेरिया’ नावाचा नऊ मीटर उंच पुतळा चार मिनिटांत एक फेरा घेत फिरत असतो. ती एक गणिका आहे. तिच्या एका तळहातावर मुकुटवाला आणि दुसऱ्यावर पोपच्या टोपीचा, असे दोन नागडे बुटके बसलेले आहेत. थोरामोठ्यांची अशी थट्टा भर बंदरावर उभी ठेवणारे गाव आम्हांला आवडेल असे वाटते. दुसऱ्या दिवशी मोठे चर्च, मठाचे बेट आणि हुसचे संग्रहालय पाहून वेशीबाहेर जावे. तिथे १८६२ साली बसविलेली एक प्रचंड शिळा आहे, तिच्यावर हुस आणि जेरोम यांची नावे कोरलेली आहेत. तिसऱ्या दिवशी हद्दीवर जावे. पूर्वी तिथे कुंपण होते, ते २००६ साली काढले. आता माणसे भाजी आणावयास या देशातून त्या देशात जातात. एल्झर ज्या हद्दीवर अडला, ती आज कोणालाही चालत ओलांडता येते.

दिलेला शब्द कागदावर असून भागत नाही, तो पाळावयास लावणारी माणसे मागे उभी असावी लागतात, हे आम्ही करारांच्या वाटाघाटींत शिकलो. हुसच्या मागे ती माणसे उभी राहिली, पण तो जळाल्यानंतर. ती आधी उभी राहिली पाहिजेत, एवढेच आपले काम आहे. त्या शिळेपाशी गेलो तर हेच मनात घेऊन जाऊ.