परदेशी तळांवरील जवानांच्या आत्महत्या कशा रोखता येतील?

विशेष प्रतिनिधी

मायदेशापासून हजारो किलोमीटर दूरच्या लष्करी तळावर जवानाचे घर दूर जाते आणि शस्त्र मात्र जवळ येते. घरची विवंचना, दुरावलेले नाते, शिस्तभंगाची कारवाई, अपुरी झोप अशी अनेक कारणे एकत्र आली, की संकटाचा क्षण उद्भवतो. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. त्या क्षणी मदत किती जवळ आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

इराकमध्ये २००३ साली तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांत आत्महत्यांच्या घटना घडल्यानंतर अमेरिकी लष्कराने मानसिक आरोग्यतज्ज्ञांचे पथक थेट युद्धभूमीवर पाठविले. पुढील काही वर्षे अशी पथके इराक व अफगाणिस्तानात जात राहिली.

मदत घेण्यातील अडसर

इराक व अफगाणिस्तानातील मोहिमांवरील सैनिकांचा अभ्यास २००४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने प्रसिद्ध केला. मानसिक विकाराची लक्षणे आढळलेल्यांपैकी केवळ २३ ते ४० टक्के सैनिकांनीच उपचार घेतले होते. आपण दुबळे ठरू, वरिष्ठांचा विश्वास गमावू, ही भीती त्यामागे होती. दूरच्या तळावर उपचाराची वाट बहुधा वरिष्ठांमार्फतच जाते. त्यामुळे ही भीती अधिक जाचक ठरते.

यावर उपाय म्हणून अमेरिकेत २०२१ साली 'ब्रँडन कायदा' झाला. त्यानुसार जवान कोणतेही कारण न सांगता वरिष्ठांकडे मानसिक तपासणीची मागणी करू शकतो. त्याबाबत शक्य तितकी गोपनीयता पाळणे बंधनकारक आहे. अंमलबजावणीला २०२३ मध्ये प्रारंभ झाला.

परिणामकारक उपाय

अमेरिकी हवाई दलाने १९९६ पासून आत्महत्या-प्रतिबंधाची जबाबदारी केवळ डॉक्टरांवर न सोपविता अधिकाऱ्यांवरही टाकली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यानंतर आत्महत्येचा धोका ३३ टक्क्यांनी घटला.

इस्रायली सैन्याने २००६ मध्ये सुटीवर जाणाऱ्या जवानांना शस्त्रे तळावरच ठेवण्यास सांगितले. त्यानंतर तेथील आत्महत्यांचे वार्षिक प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बहुधा अल्पकाळ टिकते. तेवढा काळ शस्त्र हाताशी नसेल, तर जीव वाचू शकतो.

सर्वांत जवळची मदत म्हणजे शेजारच्या खाटेवरचा सहकारी. अमेरिकी लष्कर जवानांना तीन गोष्टी शिकविते: स्पष्टपणे विचारा, आस्थेने ऐका आणि एकटे न सोडता मदतीपर्यंत सोबत न्या. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे.

भारतातही सशस्त्र दलांतील कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये 'टेली-मानस'चा विशेष कक्ष प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. सर्वसामान्यांसाठी 'टेली-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक अहोरात्र उपलब्ध असून त्यावर मराठीतूनही बोलता येते.