मोटारीच्या आत पहिली सुधारणा कोणती?

घरात मोटार आली, की तिच्या अंतर्भागाची सजावट लगेच सुरू होते. सीट कव्हरचा रंग ठरतो, पायाखाली मॅट येतात, स्टिरिओ बदलला जातो, मागच्या काचेखालच्या फळीवर स्पीकर बसतात आणि डॅशबोर्डवर गणपती विराजमान होतो. पुण्यात नाना पेठेत मोटारीच्या सामानाच्या दुकानांतून फिरले, की या हौसेची कल्पना येते. हौस करण्यात गैर काहीच नाही. पण मोटारीच्या आत पहिला खर्च कशावर करावा, या साध्या प्रश्नामागे एक मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या मुळाशी आपण नववीत शिकवतो तो न्यूटनचा पहिला नियम आहे. या लेखात आम्ही त्याच वाटेने जाणार आहोत.

सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि तिचेच नंतरचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाची मोटार म्हणजे कित्येक वर्षे हीच. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, पत्र्याचा कडक डॅशबोर्ड आणि पुढे सलग बाक. या बाकावर चालकाशेजारी दोघे सहज बसत, तिसरे मूल मांडीवर असे. सीटबेल्ट नावाची वस्तू या गाड्यांत सुरुवातीला नव्हतीच. गाडीचा अंतर्भाग म्हणजे चाकांवरची बैठकीची खोली, अशीच समजूत होती आणि ती केवळ आपल्याकडेच नव्हे, तर साऱ्या जगात होती.

ही समजूत बदलण्याची सुरुवात मोटारीच्या नव्हे, तर विमानाच्या अभ्यासातून झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ह्यू डीहेवन हा तरुण वैमानिकाचे शिक्षण घेत असताना एका विमान अपघातातून वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याने सोडला नाही. १९४२ साली त्याने उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांच्या नोंदी अभ्यासून एक लेख प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, की माणसाचे शरीर आपण समजतो त्यापेक्षा बरेच सोसू शकते; मात्र आघात शरीराच्या मोठ्या भागावर पसरला पाहिजे आणि थांबण्यासाठी थोडे अंतर मिळाले पाहिजे. पुढे अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःवरच प्रयोग केले. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत पट्ट्यांनी जखडून घेऊन ते ताशी सुमारे १०१७ किलोमीटर वेगाला पोहोचले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. त्या वेळी त्यांच्या शरीरावर गुरुत्व त्वरणाच्या ४६ पट आघात झाला, तरीही ते वाचले.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. १९५६ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने डॅशबोर्डवरील मऊ आवरण आणि कमरेचा पट्टा या वस्तू जादा पैसे भरून घेण्याच्या सुधारणा म्हणून विकायला काढल्या. म्हणजे सीटबेल्टचा प्रवेश दुकानातील इतर सजावटीच्या वस्तूंसारखा ऐच्छिक म्हणूनच झाला. पट्टा मात्र थोड्याच ग्राहकांनी घेतला. शिवाय नुसता कमरेचा पट्टा छाती आणि डोके अडवू शकत नव्हता. स्वीडनमध्ये विमानाबाहेर फेकल्या जाणाऱ्या आसनांवर काम केलेले अभियंते निल्स बोलिन व्होल्वो कंपनीत आले आणि १९५९ साली त्यांनी आजचा तीन बिंदूंचा पट्टा तयार केला. एक पट्टी कमरेवरून, दुसरी छातीवरून तिरकी आणि दोन्ही आसनाच्या बाजूला खाली एका ठिकाणी अडकलेल्या. एका हाताने लावता येईल इतका तो सोपा होता. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू दिले. तरीही लोक तो आपण होऊन लावत नव्हते. अखेर १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्टा लावण्याची सक्ती केली.

पट्टा नेमके काय करतो, हे गणिताने पाहू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. हा वेग साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडल्यावर येणाऱ्या वेगाइतका आहे. गाडी भिंतीवर आदळली तर गाडी थांबते, पण आतला माणूस जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याचे ऋण त्वरण काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागायचे. पट्टा लावलेला असेल तर गाडीचा पुढचा भाग चुरडतो आणि पट्टाही थोडा ताणतो. यातून सुमारे ६० सेंटिमीटर अंतर मिळते असे धरू. उत्तर येते गुरुत्व त्वरणाच्या १६ पट. हा आघात मोठाच, पण निरोगी माणूस त्यातून वाचू शकतो. पट्टा नसेल तर डोके डॅशबोर्डवर आदळून ५ सेंटिमीटरांतच थांबते असे धरा. उत्तर येते सुमारे २०० पट.

हेच गणित मांडीवरच्या मुलासाठी करू. मूल १० किलोचे असेल, तर १६ पट म्हणजे त्याला धरून ठेवण्यासाठी सुमारे १६० किलोचे वजन हातांनी पेलण्याइतके बल लागेल. कोणत्याही आईच्या हातांत ते नसते. मुलाला जवळ घेतल्याने ते सुरक्षित राहते, ही आपली भावना खरी असली, तरी भौतिकशास्त्र तिला साथ देत नाही.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चालक आणि पुढच्या प्रवाशासाठी पट्टा देणे उत्पादकांना १९९४ पासून बंधनकारक झाले. असे भाग मानकांप्रमाणे आहेत की नाहीत हे तपासणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही प्रमुख आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेमुळे कोथरूडजवळची टेकडी पुणेकरांच्या तोंडी ‘एआरएआयची टेकडी’ झाली. तेथे रोज फिरायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आत काय चालते याची कल्पना क्वचितच असते. पट्ट्याइतकीच तो सांगाड्याला जखडलेल्या जागेची मजबुतीही तपासावी लागते. म्हणूनच जुन्या गाडीला पट्टा बसवताना तो पत्र्याला भोक पाडून कुठेही लावून चालत नाही. उत्पादकाने त्यासाठी राखलेल्या मजबूत जागीच तो बसला पाहिजे.

पुढे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग आणि पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना आवश्यक झाली. पण मागच्या आसनाकडे आपले दुर्लक्षच राहिले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले सहप्रवासी मरण पावले. दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावलेल्या १६,७१५ जणांचा अपघातांत मृत्यू झाला. त्यांपैकी ८,३३१ प्रवासी होते. मागे पट्ट्याविना बसलेला माणूस स्वतः तर धोक्यात असतोच, शिवाय तो पुढच्या आसनावर आदळून तिथल्या माणसालाही इजा करतो.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. मोटारीच्या आतली पहिली सुधारणा म्हणजे प्रत्येक आसनाचा पट्टा वापरता येण्याजोगा करणे. नव्या कव्हरखाली दडपलेली मागची बकले बाहेर काढावीत. विरलेला किंवा अपघातात एकदा ताणलेला पट्टा बदलावा. लहान मुलासाठी वेगळे आसन घ्यावे. सूचनेचा आवाज बंद करणारी क्लिप काढून टाकावी. अशा क्लिपांच्या विक्रीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली आदेश दिले आहेत. आसनाच्या कडेला एअरबॅग असेल तर तिची वाट अडवणारे कव्हर नको. डॅशबोर्डवरील एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती नको, कारण ती पिशवी काही शतांश सेकंदात फुगते आणि मूर्ती फेकली जाते. हे झाल्यावर कव्हरचा रंग खुशाल निवडावा.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग. उभ्या गाडीत पट्टा आधी सावकाश ओढायला सांगा, मग एकदम झटका द्यायला सांगा. पहिल्या वेळी तो सैल येतो, दुसऱ्या वेळी अडकतो. असे का होते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. मग खेळण्यातल्या गाडीवर मातीची बाहुली ठेवून ती उतारावरून विटेवर सोडा. एकदा मोकळी, एकदा रुंद फितीने बांधून आणि एकदा बारीक दोऱ्याने बांधून. दोरा मातीत रुतलेला दिसेल आणि आघात मोठ्या भागावर पसरला पाहिजे हा डीहेवनचा निष्कर्ष मुलांना आपोआप कळेल. त्या दिवशी घरी जाताना मागच्या आसनावर बसलेला एक जरी विद्यार्थी पट्टा शोधू लागला, तरी तास सत्कारणी लागला असे समजावे.