लोकसभेचा नियम 270 : एक भाष्य

ऑक्टोबर 2022 मध्ये बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव संसदेच्या दळणवळण व माहिती तंत्रज्ञान स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. नागरिकांचे फोन आणि त्यांतली माहिती हा याच समितीचा विषय. गुप्तचर यंत्रणांच्या कामाबद्दल काही विचारायचे, तर समितीच्या हाती नियम 270 आहे. त्याच्या शेवटच्या ओळीने सरकारला वाटेल तेव्हा गप्प बसण्याची मुभा दिली आहे, असे सर्रास मानले जाते. नियम नीट वाचला तर तसे दिसत नाही. खाली नियमाचे एकेक वाक्य आणि त्यावर भाष्य. (भाषांतर माझे.)

समितीला व्यक्ती, कागदपत्रे आणि अभिलेख मागवण्याचा अधिकार राहील.

इथे कोणत्याही यंत्रणेला सूट नाही. इंटेलिजन्स ब्युरो 1887 पासूनचा, रॉ 1968 ची. या दोन्ही गुप्तचर यंत्रणांना स्वतःचा कायदा नाही. त्यामुळे संसदेत त्यांनी कोणाला उत्तर द्यायचे, हे कुठेच लिहिलेले नाही. ब्रिटनने 1994 मध्ये कायदा करून खासदारांची खास समिती नेमली. आपल्याकडे खासदार मनीष तिवारींचे गुप्तचर यंत्रणांविषयीचे 2011 चे खासगी विधेयक मंजूर झाले नाही. उरतो तो हाच सर्वसाधारण नियम.

एखाद्याची साक्ष किंवा एखादा दस्तऐवज समितीच्या कामाशी संबंधित आहे का, असा प्रश्न निघाल्यास तो लोकसभा अध्यक्षांकडे जाईल. त्यांचा निर्णय अंतिम.

हे नियमाचे पहिले परंतुक, म्हणजे मूळ अधिकाराला जोडलेली अट. या वादाचा निवाडा सभागृहाच्या घरातच होतो.

दस्तऐवज उघड केल्याने राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाध येईल, या कारणावरून शासन तो सादर करण्यास नकार देऊ शकेल.

नियमाचा सारा भार या दुसऱ्या परंतुकावर आहे. ‘हित’ या शब्दाला काठच नाही आणि इथे निवाडा करणाराही कोणी नाही. नकार देणारे शासन, कारण ठरवणारेही शासनच. हा दोष खरा आहे. पण पहिल्या परंतुकात ‘साक्ष किंवा दस्तऐवज’ अशी जोडी आहे. दुसऱ्यात फक्त दस्तऐवज. लागोपाठच्या वाक्यांत माणूस गळतो, तेव्हा तो चुकून गळला असे धरता येत नाही. अधिकाऱ्याने समितीपुढे यावे, कागद देता येत नसेल तर कारण सांगून तसे नोंदवावे, एवढेच हे परंतुक सांगते.

28 जुलै 2021 रोजी, शशी थरूर याच समितीचे अध्यक्ष असताना, नागरिकांच्या माहितीची सुरक्षा आणि खासगीपणा या विषयावर तिची बैठक होती. फोनवर पाळत ठेवणाऱ्या पेगॅसस सॉफ्टवेअरचे प्रकरण ताजे होते. माहिती तंत्रज्ञान, गृह आणि दूरसंचार खात्यांचे अधिकारी आलेच नाहीत. सत्ताधारी सदस्यांनी हजेरीपटावर सही केली नाही, म्हणून गणपूर्तीही झाली नाही. हा नियम 270 खालचा नकार नव्हे. नकार दिला असता तर त्याची नोंद राहिली असती, त्यावर सभागृहात विचारता आले असते. गैरहजेरीला कारणच द्यावे लागत नाही, म्हणून ती मला नकारापेक्षा घातक वाटते.

27 ऑक्टोबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेगॅसस प्रकरणात बजावले, की राष्ट्रीय सुरक्षेचे नुसते नाव घेतल्याने न्यायालयीन तपासणी टळत नाही. निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या देखरेखीखाली चौकशी नेमली गेली. सरकारने तिलाही सहकार्य केले नाही, असे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट 2022 मध्ये अहवालाच्या आधारे सांगितले.

ऑक्टोबर 2023 अखेर ॲपलने अनेक विरोधी खासदारांना त्यांच्या फोनवरील शासनपुरस्कृत हल्ल्याचा इशारा पाठवला, तेव्हा समितीचे अध्यक्ष जाधव होते. कोणाला बोलावले, कोण आले, कोणी कोणत्या शब्दांत नाही म्हटले, हे त्यांना विचारण्याचा हक्क त्यांच्या मतदारसंघातल्या मेहकर-खामगावच्या मतदाराला आहे. त्यासाठी दुसऱ्या परंतुकात एक भर हवी : नकार लेखी असावा, सचिवाच्या सहीचा असावा आणि पहिल्या परंतुकातल्या वादासारखाच लोकसभा अध्यक्षांपुढे जावा.