सातारा म्हणजे कोणता सातारा?

१९४२ च्या चळवळींतून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें प्रतिसरकार उभें राहिलें, तें साऱ्या महाराष्ट्रांत ‘साताऱ्याचें प्रतिसरकार’ या नांवानेंच ओळखलें जातें. परंतु आजचा नकाशा पुढें घेऊन त्याचीं ठिकाणें कोणी शोधूं लागला, तर तो बुचकळ्यांत पडतो. नाना पाटलांचें गांव येडेमच्छिंद्र हें वाळवें तालुक्यांत, आणि चळवळीचें मोठें ठाणें कुंडल हें पलूस तालुक्यांत. दोन्हीं गांवें सांगली जिल्ह्यांत मोडतात. बरें, त्या काळीं तरी कुंडल सातारा जिल्ह्यांत होतें काय? तेंही नाहीं. कुंडल हा औंध संस्थानाचा तालुका होता. तेव्हां हें प्रतिसरकार साताऱ्याचें खरें. पण तो सातारा कोणता, याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं.

अशी गल्लत केवळ आपल्याकडेच होते असें नव्हे. मराठी घरांत ‘इंग्लंड’ म्हटलें म्हणजे त्यांत स्कॉटलंड, वेल्स, आणि कधीं कधीं आयर्लंडही बेमालूम सामावून जातें. वस्तुतः इंग्लंड व स्कॉटलंड हीं दोन राज्यें १७०७ च्या मे महिन्यांत एक झालीं; म्हणजे औरंगजेब मरण पावून शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटले त्याच सुमारास. पुढें १८०१ सालीं त्यांना आयर्लंड जोडलें गेलें, आणि १९२२ मध्यें त्यांतील बराच मोठा भाग पुन्हा वेगळा झाला. आपल्या पूर्वजांनीं हा सारा भेद ‘इंग्रज’ या एका शब्दांत गुंडाळून ठेवला. गंमत अशी कीं, मराठी राज्य बुडविण्यांत व त्याची नवी घडी बसविण्यांत जे अग्रेसर होते, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, थॉमस मनरो आणि साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट, हे तिघेही जातीचे स्कॉच! या ग्रँटनेंच पुढें ग्रँट डफ या नांवानें मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ सालीं प्रसिद्ध केला.

परंतु त्यांच्या नांवांत आपण जी गल्लत केली, तिच्याहून कितीतरी महाग पडलेली गल्लत त्यांनीं आपल्या नांवांत केली. ती मात्र अजाणतेपणीं झाली असें म्हणवत नाहीं.

सातारा हें मूळचें एका किल्ल्याचें नांव. १७०० सालीं तो घेतल्यावर औरंगजेबानें त्याला ‘आझमतारा’ म्हटलें. तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि अजिंक्यतारा झाला. १२ जानेवारी १७०८ रोजीं शाहू महाराजांना तेथें राज्याभिषेक झाला, आणि तेव्हांपासून सातारा म्हणजे शिवछत्रपतींची गादी असा अर्थ त्या शब्दाला आला. १७३१ च्या वारणेच्या तहानें कोल्हापूरचें राज्य निराळें मान्य झालें व वारणा नदी ही दोहोंची सीमा ठरली. यापुढें ‘सातारा’ आणि ‘कोल्हापूर’ हे शब्द दोन घराण्यांचे वाचक बनले. तरीही शाहूंच्या पदरच्या सरदारांच्या दृष्टीनें त्यांचे महाराज हे कांहीं सातारा गांवाचे राजे नव्हते. शिंदे माळव्यांत असोत कीं भोसले नागपुरांत, त्यांच्या अधिकाराचें मूळ याच गादींत होतें. १७४९ मध्यें शाहू महाराज निवर्तल्यावर खरी सत्ता पुण्यास गेली. परंतु पेशवाईचीं वस्त्रें यावयाचीं तीं साताऱ्याहूनच.

फेब्रुवारी १८१८ मध्यें किल्ला इंग्रजांच्या हातीं पडला. पेशवाई गेली आणि प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसविण्यांत आलें. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें त्यांच्या राज्याची हद्द आंखून दिली गेली: उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, पश्चिमेस सह्याद्रि, पूर्वेस पंढरपूर व विजापूरकडील मुलूख. इंग्रजी कागदांत आतां ‘साताऱ्याचा राजा’ हाच प्रयोग रूढ झाला. वरवर पाहतां यांत वावगें कांहींच नाहीं. राजा साताऱ्यास राहत होता, हें खरेंच होतें. पण या दोन शब्दांनीं एका साम्राज्याचा धनी एका परगण्याचा धनी करून टाकला. इतर सत्ताधीशांशीं परभारें पत्रव्यवहार करूं नये, अशी तहाची अट होती. ती मोडल्याचा, गोव्याच्या पोर्तुगिजांशीं संधान बांधल्याचा आरोप ठेवून १८३९ सालीं प्रतापसिंहांना पदच्युत करण्यांत आलें व काशीस पाठविण्यांत आलें. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले. एप्रिल १८४८ मध्यें तेही वारले. मृत्यूपूर्वीं त्यांनीं दत्तक घेतला होता.

आतां खरा प्रश्न उभा राहिला. हें राज्य शिवाजी महाराजांचें जुनें राज्य मानावयाचें कीं १८१९ मध्यें कंपनीनें निर्माण केलेलें नवें? जुनें मानलें तर दत्तकास वारसा मिळण्याला कंपनीची परवानगी कशाला हवी? नवें मानलें तर देणाऱ्यानेंच तें परत घेतलें, एवढाच अर्थ. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं दत्तक मान्य करावा असें मत दिलें. लॉर्ड डलहौसीनें हें राज्य ब्रिटिशांच्या औदार्यानें जन्मास आलें असें धरलें आणि खालसाच्या बाजूनें निकाल दिला. १८४९ च्या आरंभीं विलायतच्या संचालकांनीं त्यास संमति दिली. रंगो बापूजी गुप्ते हे प्रतापसिंहांच्या बाजूनें सुमारें चौदा वर्षें लंडनमध्यें झगडले. पण ज्यांच्या दरबारीं दाद मागावयाची, त्यांच्या दप्तरांत हें राज्य केवळ ‘सातारा’ म्हणून नोंदलेलें होतें.

राज्य गेलें, पण नांव उरलें. किंबहुना तें अधिकच पसरलें! औंध, फलटण, भोर, जत व अक्कलकोट हे साताऱ्याच्या राजाचे जहागिरदार आतां थेट कंपनीच्या ताब्यांत गेले. तरी सरकारी दप्तरांत त्यांना ‘सातारा जहागिरी’ म्हणत. अक्कलकोट सोलापुराच्याही पलीकडे, भोर पुण्याच्या शेजारीं. पण दोन्हीं ‘साताऱ्याचीं’! खालसा झालेल्या मुलखाचा सातारा जिल्हा बनला. त्याच जिल्ह्यांत पुढें तासगांव आलें. तें तर परशुरामभाऊ पटवर्धनांचें ठाणें. १८१९ च्या राज्याशीं त्याचा संबंध नव्हता. वारस नाहीं म्हणून १८४८ मध्यें तें कंपनीकडे आलें होतें.

पटवर्धनांचा मुलूख म्हणजे तर नांवांचें जंगलच. इंग्रज त्याला व त्याच्या दक्षिणेकडील कानडी प्रदेशाला मिळून ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत. याच नांवावरून १८८२ मध्यें सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली, आणि हुबळी-धारवाडच्या कानडी प्रवाशानें ‘मराठा’ रेल्वेचें तिकीट काढावें असा योग आला. सांगलीची कथाही अशीच. चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून वेगळे झाले व १८०१ मध्यें त्यांनीं कृष्णाकांठच्या लहानशा सांगली गांवीं राजधानी केली. तेथें त्यांनीं गणेशदुर्ग बांधला, गणपतीचें देवालय उभारलें. परंतु सांगली संस्थान म्हणजे सांगलीच्या भोंवतालचा प्रदेश असें कोणी समजूं नये. मंगळवेढें, तेरदाळ, बेळगांवला लागून असलेलें शहापूर, आणि थेट धारवाडकडील शिरहट्टी, हे सारे तुकडे सांगलीचेच होते. आज मंगळवेढें सोलापूर जिल्ह्यांत आहे, व बाकीचे तिन्ही कर्नाटकांत.

८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या सातारा जिल्ह्याचे तासगांव, खानापूर, वाळवें, शिराळा हे भाग आणि विलीन संस्थानांचा कांहीं मुलूख मिळून नवा जिल्हा करण्यांत आला. जिल्ह्याचें ठाणें सांगलीस होतें, तरी नांव दिलें ‘दक्षिण सातारा’. उरलेला झाला ‘उत्तर सातारा’. अकरा वर्षें दोन सातारे नांदले. २१ नोव्हेंबर १९६० रोजीं दक्षिण साताऱ्याचें नांव ‘सांगली’ झालें. उत्तर साताऱ्यानें आपली दिशा टाकून दिली व तो पुन्हा नुसता सातारा झाला. वारणा मात्र १७३१ प्रमाणें आजही सीमाच आहे. तिच्या दक्षिणेस कोल्हापूर आहे, पण उत्तरतीरीं आतां सातारा नाहीं, सांगली आहे.

आणि जी सांगली १८०१ मध्यें मिरजेशीं फारकत घेऊन निघाली, तिच्या नांवाचा जिल्हा झाला खरा. पण सांगली नांवाचा तालुका त्या जिल्ह्यांत नाहीं. महसुली दप्तरांत सांगली शहराची नोंद होते ती मिरज तालुक्यांतच.